कोकरू घेऊन उठणारी धोंडाबाई

इंदापूरच्या अलीकडं, बारामतीचा रस्ता जिथं सोलापूरच्या हायवेला भिडतो, तिथं आमची एसटी थांबली. समोरून मेंढरं येत होती. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं नाही, नुसतं स्टिअरिंगवर कोपर टेकलं आणि जांभई दिली. मी पहिल्याच बाकावर, काचेसमोर. तमाशाच्या फडात होतो तोवर लोक मला पुढच्या रांगेतून बघायचे. त्या दिवशी पुढची रांग माझ्या वाट्याला आली होती, आणि समोर जे घडलं ते बघायला मी तिथं नको होतो असं मला आजही वाटतं.

कळप सर्व्हिस रोड ओलांडून आमच्या बाजूला उतरत होता. भावकीतले दोघे घोडी घेऊन केव्हाच पुढं गेले होते. सगळ्यांत मागं एक बाई. हिरवं लुगडं, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. चालण्यावरूनच ओळखली. आमच्या पिंपळीची धोंडाबाई, माझी शेजारीण. उजनीचं पाणी ओसरतं तशी काठाची जमीन उघडी पडते, तिथली चराई उरकून पावसाच्या तोंडावर ती घरी निघाली होती. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि डावीकडून ट्रक आला.

तिनं ट्रक पाहिला. तिनं पाहिलेलं मी पाहिलं. मान वळली, डोळे मोठे झाले, काठीचा हात वर गेला. पाय मात्र जागेवर. एक पाऊल मागं घ्यायचं होतं, फक्त एक! माझ्या तोंडातली हाक तोंडातच राहिली.

ब्रेकचा तो आवाज ऐकून बसमधली बायामाणसं उभी राहिली. ट्रक थांबला तेव्हा त्याचा बंपर तिच्या लुगड्याला लागला होता. तिच्या अंगाला लागून चालणारी मेंढी चाकाखाली गेली होती.

मी उतरलो, धावलो म्हणवत नाही, पण पोचलो. ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून ओरडत होता, "म्हातारे, दिसत न्हाय का तुला?"

धोंडाबाई रस्त्यावर बसली होती, मेंढीच्या मानेवर हात ठेवून. "दिसलं की रं बाबा," ती म्हणाली. "समदं दिसलं. पाय उचललाच न्हाय."

मला धक्का बसला तो ट्रकचा नव्हे, ह्या वाक्याचा. कारण पाय न उचलणारी ही बाई कोण होती? हिचा जन्मच मुळी मेंढरांच्या मागं झालेला, कुणाच्या तरी शेतात, घोंगड्याच्या आडोशाला. नवरा बिरू गेला तेव्हा सिद्धू अंगावर पीत होता. दीर म्हणाले, कळप आमच्याकडं दे, तू घरी बस. हिनं पोराला झोळीत घातलं आणि काठी उचलली. लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, त्याबदल्यात ज्वारी घ्यायची, लोकर विकायची. ह्यावर तिनं सिद्धूला आयटीआय केलं आणि तो बारामतीच्या एमआयडीसीत लागला. गेल्या पावसाळ्यात एक भरला एडका, चांगला वाढलेला मेंढा, कालव्याच्या चारीत पडला होता. दोन गडी काठावर उभं राहून विचार करत होते. ही खाली उतरली, एडका खांद्यावर घेतला आणि वर आली. ताकदीचं म्हणाल तर पिंपळीत तिच्याशी पंजा लढवायला कुणी बसत नसे. आणि अशा बाईला एक पाऊल मागं घेता येऊ नये?

सिद्धूनं त्याच आठवड्यात ठरवून टाकलं. संध्याकाळी कंपनीतून आला, गळ्यातलं ओळखपत्र तसंच, आणि माझ्या ओट्यावर येऊन बसला. "तात्या, तुमीच सांगा हिला. मी मेंढरं विकणार."

पलीकडं धोंडाबाई शेळीला पाला टाकत होती. वळूनही न बघता म्हणाली, "ती मेंढी म्हातारी हुती."

"आन् तू?" सिद्धू म्हणाला.

पाला टाकून झाल्यावर ती हात झटकत आली. "मेंढरं गेली तर मी काय करू हितं? भिंत राखू?"

"टीव्ही बघ. देवाला जा. बायका काय करत्यात तुझ्या वयाच्या?"

"मरत्यात," ती म्हणाली.

ह्या घरातल्या भांडणात नवरा-बायको, सासू-सून असलं काही नव्हतं. एका कळपाचं भांडण होतं ते. कळप राहिला तर धोंडाबाई चालत राहणार, कळप गेला तर दारात बसणार. आणि दारात बसलेली धोंडाबाई मला कल्पनेतही बघवत नव्हती.

रविवारी मकसूदभाई मेंढरं बघायला आला. बारामतीचा मेंढ्यांचा व्यापारी, बिरूच्या वेळेपासूनचा माणूस. मेंढीच्या पाठीवरून नुसता तळवा फिरवून ती किती पोसलीय ते सांगणारा. ह्या वेळी तो मोटरसायकलच्या मागच्या सीटवर होता आणि पुढं त्याची मुलगी अफशीन.

"डोळ्याचं आपरेशन झालंय," त्यानं उतरता उतरता तक्रार मांडली. "गाडीला हात लावू देत न्हाय ही पोरगी. आक्का, तू कशी हायस?"

"मेंढरं ईक म्हंत्यात, तशी हाय," धोंडाबाई म्हणाली.

अफशीन बारामतीत एका दवाखान्यात व्यायामाचे उपचार करते. फिजिओ म्हणतात तसली. सिद्धू आणि मकसूदभाई कळपात शिरले आणि मी तिला रस्त्यावरची हकीकत सांगितली, अगदी मान वळण्यापासून काठी वर जाण्यापर्यंत, उभं राहून करून दाखवली. ती हसली नाही. तिनं विचारलं, "पाहिलं आणि तरी पाय हलला नाही?"

"न्हाय ना!" धोंडाबाईच म्हणाली. "आन् ताकद कमी हाय म्हणशील तर बघ." तिनं कोपऱ्यातलं पेंडीचं पोतं उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवलं.

"ताकद आहेच मावशी. आता ह्या बाजेवर बसा. मी टाळी वाजवली की एकदम उभ्या राहा."

टाळी वाजली. धोंडाबाईनं आधी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग पुढं वाकली. मग "आई गं" म्हणाली. मग उठली. खरं सांगतो, मी हादरलो. इतक्या वर्षांची शेजारीण, रोज डोळ्यांसमोर उठणारी-बसणारी, आणि तिचं उठणं इतकं लांबलंय हे मला टाळी वाजेपर्यंत दिसलंच नव्हतं.

"परत," अफशीन म्हणाली. परत तेच. आणि बसताना मात्र धपकन.

"मावशी, तुमच्याकडं ताकद भरपूर आहे. पण ती उशिरा येते."

मला ते एकदम कळलं. ढोलकीची थाप पडली आणि त्यानंतर पाय पडला, तर तो पाय कितीही सुंदर असो, वाया. पायानं थापेबरोबरच यायला हवं. "म्हणजे एंट्री चुकतेय हिची," मी म्हणालो.

"तसंच," अफशीन म्हणाली. "वय वाढलं की ताकदीच्या आधी चपळाई जाते. पोतं उचलायला हळूहळू येणारी ताकद चालते. ठेच लागली, समोर ट्रक आला, तर सगळी एका क्षणात लागते. तिची सवय सुटलीय पायांची. ती परत लावता येते."

उपाय ऐकून मला वाटलं पोरगी थट्टा करतेय. बाज भिंतीला टेकवायची. उराशी काहीतरी हलकं धरायचं. उठायचं झटक्यात, जितकं झटक्यात जमेल तितकं. बसायचं मात्र सावकाश. थोड्या वेळा करायचं, मध्ये विसावा घ्यायचा, आणि वेग कमी झाला की त्या दिवशी थांबायचं. घाम निघेपर्यंत नाही, दम लागेपर्यंत नाही.

सिद्धू तोवर परत आला होता. "ह्या वयात झटक्यात? अहो म्याडम, समदे सांगत्यात म्हाताऱ्या माणसानं जपून, हळू करावं."

"सगळंच हळू केलं की पाय हळूच शिकतात. आधी दवाखान्यात आणा, छाती, बीपी, गुडघे तपासू. मगच सुरू करायचं."

धोंडाबाईनं तेवढ्यात आपलं घोडं दामटलं. "अश्विनात लोकर कातरायची हाय. तवर थांब सिद्धू. तवर पाय न्हाय आला, तर मकसूदभाई टेम्पो घिऊन येतील आन् मी एक शबुद बोलनार न्हाय."

मकसूदभाईनं कपाळाला हात लावला. "मी हितं सौदा करायला आलो आन् माझीच पोरगी माझ्या ताटात माती कालवती. बरं आक्का. अश्विनात."

तपासणी झाली. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर चूळ भरायला आलो तर चूळ घशातच अडकली. धोंडाबाई बाजेवर बसली होती आणि तिच्या खांद्यावर तो एडका होता! तोच, भरला एडका, चारही पाय पुढं ओढून धरलेले, डोळे बाहेर आलेले. एडक्याचे म्हणतोय, तिचेही तसेच. दात आवळून ती उठली. इतकी सावकाश उठली की त्या अवधीत मी तोंड धुऊन घेतलं असतं. मग बसली. मग पुन्हा.

"धोंडाबाई, हलकं धरायला सांगितलंय ना?"

"हलकं आजारी मानसाला," ती धापा टाकत म्हणाली. "मी काय आजारी हाय?"

आमच्या भागात हे असंच. जो जास्त उचलतो तो जास्त भला. गल्लीतली माणसं येता-जाता थांबायची, वाहवा करायची. कुणाच्या मनात आलं नाही की पोरीनं काय सांगितलं होतं आणि इथं काय चाललंय. रोज एडका, रोज घाम.

महिन्याभरानं अफशीन आली. येताच तिनं टाळी वाजवली. धोंडाबाईनं गुडघ्यांवर हात ठेवले, पुढं वाकली, "आई गं" म्हणाली, उठली. जिथं होतो तिथंच. अफशीनचा चेहरा पडला. "करताय ना रोज?"

"तर! दावते की." आणि धोंडाबाईनं एडका आणला.

अफशीन मटकन बाजेवर बसली. तोंडावर हात. "मावशी, पाठीचा मणका सरकला असता! हे... हे उचलून काय होणार? ताकद वाढेल, ती तुमच्याकडं आधीच आहे. एवढं ओझं घेऊन कुणी झटक्यात उठेल का? तुम्ही रोज हळू उठायचाच सराव केलात."

धोंडाबाई एडक्याची शिंगं धरून उभी. पहिल्यांदाच मी तिला खजील झालेलं पाहिलं. "मग काय घिऊ? वीट?"

अफशीननं इकडंतिकडं पाहिलं. पावसाळ्याच्या सुरुवातीला व्यालेल्या मेंढ्या दावणीला होत्या. तिनं एक कोकरू उचललं आणि धोंडाबाईच्या हातात दिलं. "हे."

"ह्ये? ह्याला काय वजन हाय?"

"हेच. आणि हे मोठं झालं, जड लागायला लागलं, उठणं मंदावलं, की बदलायचं. दुसरं लहान घ्यायचं. सध्या वजनाच्या मागं लागायचं नाही, वेगाच्या लागायचं."

मेंढपाळाच्या घरात ह्याहून उलटी गोष्ट कुणी सांगितली नसेल. कोकरू वाढावं म्हणून सारी धडपड, आणि इथं वाढलं की बाजूला! पण धोंडाबाईनं मान डोलावली. एडक्यानं बहुतेक सुटकेचा श्वास टाकला.

आता सकाळचा खेळ वेगळाच दिसू लागला. बाजेवर धोंडाबाई, उराशी कोकरू, बाजेभोवती ओरडत फिरणारी कोकराची आई. पहिले काही दिवस झटक्यात उठायचं म्हणजे काय हेच तिला उमगेना. अंग पुढं फेकायची आणि पाय मागं राहायचे. मी ओट्यावरून टाळी द्यायचो. दमायच्या आत ती थांबायची आणि चिडायची, "ही काय मेहनत हाय व्हय? घाम न्हाय, काय न्हाय." पण थांबायची. शिवाय भिंतीला हात टेकून टाचा झटकन उचलायच्या, सावकाश टेकायच्या, तेही करायची.

आणि मग एके दिवशी सकाळी मी चहा टाकला आणि नेहमीसारखी हाक मारली, "धोंडाबाई!" पुढं "चहा" म्हणायचं होतं. ते म्हणायच्या आत ती ताडकन उभी. मला वाटलं इंगळी चावली. मी कप ठेवून धावलो. "काय झालं? काय चावलं?"

"कुटं काय? तुमी हाक मारली न्हवं?"

तिला तोवर कळलंच नव्हतं. तिनं खाली आपल्या गुडघ्यांकडं पाहिलं. हात कोकरावर होते, गुडघ्यांवर नव्हते. आणि "आई गं" कुठं गेलं?

कोकराला घेऊन कितीसे दिवस झाले होते? पाऊस अजून संपला नव्हता, दुसरं कोकरू नुकतं हातात आलं होतं. मी फोन लावला. "अफशीन, इतक्या लवकर? मला तर भीतीच वाटली."

"स्नायू भरायला वेळ लागतो तात्या," ती म्हणाली. "त्याआधी मेंदूचा हुकूम पायापर्यंत लवकर पोचायला लागतो. तुम्हाला तुमचं जुनं वगनाट्य परत बसवायला दिलं तर पाठांतर नव्यानं करावं लागेल का? दोन तालमीत आठवेल. तसं. पण तालीम सोडली की जाईल, हे सांगा त्यांना."

सिद्धूला मी हे सगळं रंगवून सांगितलं. तो बधला नाही. "बाजेवरनं उठनं येगळं आन् हायवे येगळा, तात्या." पोराचं काही चुकत नव्हतं. त्यानं आईला ट्रकखाली गेलेलं स्वप्नात पाहिलं होतं, ते त्यानं मला एकदा सांगितलं होतं.

आश्विन आला. लोकर कातरण्याच्या आदल्या दिवशी मेंढरं धुवायची असतात. चारीला पाणी सुटलं होतं. सिद्धूनं रजा घेतली होती, मकसूदभाई कबूल केल्याप्रमाणं टेम्पो घेऊन आला होता, अफशीन बरोबर. मी काठावर बाभळीखाली बसलो. पाण्यात दोन गडी, काठावर धोंडाबाई एकेका मेंढीचा मागचा पाय धरून तिला पाण्यात ढकलतेय. काठ चिखलानं लोण्यासारखा झालेला. खाली चारीचा सिमेंटचा कट्टा.

एका मेंढीनं हिसका दिला. मागनं दुसरीनं धोंडाबाईच्या पोटऱ्यांवर धडक मारली. तिचा पाय सरकला.

"आये!" सिद्धू किंचाळला आणि धावला. तो लांब होता.

मी रंगमंचावर पुष्कळ पडलो आहे. लोकांना हसवायला पडलोय, खरोखरही पडलोय. पडण्याचा एक क्रम असतो. आधी हात वर जातो, मग डोळे जमीन शोधतात, मग अंग आपल्याला सोडून जातं. तिचा हात वर गेला. डोळे त्या सिमेंटच्या कडेवर गेले. मी डोळे मिटणार होतो.

आणि तिचा दुसरा पाय बाजूला गेला. फट्‌ असा चिखलात आवाज झाला. गुडघा वाकला, ताठ झाला, आणि धोंडाबाई उभी! मेंढीचा पाय अजून हातातच.

काहीच घडलं नाही. कुणी पडलं नाही, कुणाला लागलं नाही. पाणी वाहत होतं. तरी सगळी माणसं श्वास रोखून अशी थिजली होती, जणू मोठा अपघात झालाय. सिद्धू अर्ध्या वाटेत थांबला होता, हात पुढं केलेले. सगळ्यांत जास्त हबकली होती ती धोंडाबाईच. ती खाली आपल्या पायाकडं बघत होती.

"ह्यो पाय कुनी टाकला?" ती म्हणाली.

अफशीन रडायला लागली. मकसूदभाईनं टेम्पोच्या दारावर थाप मारली. "डिझेल गेलं फुकट," तो म्हणाला.

सिद्धू आईजवळ गेला. तिच्या दंडाला धरलं, मग सोडलं. चिखलात बसला. मान वर न करता म्हणाला, "चाचा, टेम्पो रिकामाच न्या. मेंढरं ऱ्हाऊ द्या तिची."

मला वाटलं, आता पडदा पडायला हरकत नाही. पण धोंडाबाईनं हातातली मेंढी पाण्यात ढकलली आणि लेकाकडं वळली. "आन् तू माघात रजा टाकायची. उजनीला जाताना हायवे वलांडायच्या दिशी."

"मी? कशाला? तुजा पाय आला की आता."

"पाय माजा आला. ट्रकवाल्याचा ब्रेक कुटं आला?"

इतके महिने आम्ही सगळे तिच्या पायांकडं बघत होतो. रस्त्याकडं फक्त ती बघत होती.

माघात मी मुद्दाम इंदापूरला गेलो. सकाळी कळप हायवेशी आला. पुढं सिद्धू. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात, काठीला लाल फडकं, दुसरा हात उंच. ट्रक, उसाच्या ट्रॉल्या, एसट्या थांबल्या. हॉर्नचा नुसता गदारोळ.

"ए, रस्ता काय विकत घेतला काय रं?" एका ड्रायव्हरनं विचारलं.

"पाचच मिनिटं, दादा! आई हाय माजी, मागं!" सिद्धू ओरडला. आजवर मेंढरांच्या नावानं ज्याला लाज वाटायची, तो पोरगा भर हायवेवर हे ओरडत होता. मी रस्त्याकडेला उभा होतो, मला हुंदका आवरेना.

मेंढरं गेली. शेवटी धोंडाबाई आली, रस्ता ओलांडला, आणि न थांबता उजनीच्या वाटेला लागली. वाहनं सुटली. सिद्धूला वाटलं होतं आपलं काम झालं. पण घोडी नेणारे भाऊबंद पुढं निघून गेले होते आणि संध्याकाळपर्यंत मागं कुणीतरी हवं होतं. तो कंपनीचे जाड बूट घालून तिच्या मागं निघाला. वळणापर्यंत जाता जाताच तो लंगडायला लागला. आई बरीच पुढं गेलेली.

"आये, जरा हळू की!" त्याचा आवाज माझ्यापर्यंत आला.

"मला काय सांगतूस?" ती मागं न बघता म्हणाली. "मेंढरास्नी सांग."